कार्डाचा भाव की सरळ भाव? सुपरमार्केटमधून मांस घेताना

आठवड्याच्या बिलात सगळ्यात जड ओळ बहुधा मांसाची असते. त्यामुळे कायमचं दुकान ठरवायचं असेल, तर ते मांसाच्या फ्रीजपाशी उभं राहून ठरवावं, असं माझं मत आहे. साबण किंवा टिश्यू पेपर कुठूनही घ्या, फारसं बिघडत नाही. साबण सहा महिने कपाटात पडला तरी तो साबणच राहतो. कच्चं चिकन मात्र घरी आणल्यावर एक-दोन दिवसांत शिजवावं लागतं, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकावं लागतं. म्हणून मांसावरची सवलत नुसत्या पैशांची नसते. ती कोणत्या आठवड्यात येते, तिच्यासाठी किती माल उचलावा लागतो आणि तो ठेवायचा कुठे, हेही तिच्याबरोबर घरी येतं.

दुकानं ढोबळमानाने दोन जातींची. पहिल्या जातीत शेल्फवर दोन भाव असतात, एक कार्डवाल्यांचा आणि एक बाकीच्यांचा. कार्ड म्हणजे इथे बँकेचं नव्हे, दुकानाचं स्वतःचं सभासद-कार्ड किंवा त्याचं अ‍ॅप. दुसऱ्या जातीत ना कार्ड ना अ‍ॅप, जो भाव लिहिलाय तोच सगळ्यांना. ब्रिटनमधलं आल्डी किंवा अमेरिकेतलं ट्रेडर जोज ही या दुसऱ्या जातीची ठळक उदाहरणं. कॉस्टकोसारखी, वर्गणी भरून आत शिरायची गोदामवजा दुकानं मी इथे धरलेली नाहीत. तिथे प्रश्न फ्रीझर केवढा आहे एवढाच उरतो. मी दोन्ही जातींच्या दुकानांतून बरंच मांस घेतलं आहे आणि आता एका बाजूला झुकलो आहे. पण आधी दुसऱ्या बाजूचं जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते थोडं नाही.

कार्डाच्या भावाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी शंका म्हणजे ‘आधी भाव फुगवतात आणि मग उतरवून दाखवतात’. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. ब्रिटनमधल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने, म्हणजे सीएमएने, याचीच तपासणी केली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांतल्या कार्डाच्या सुमारे 50,000 सवलती त्यांनी पाहिल्या. त्यांतल्या 92 टक्के सवलती त्याच दुकानातल्या नेहमीच्या भावाच्या मानाने खऱ्या निघाल्या. सरासरी बचत दुकानागणिक 17 ते 25 टक्के होती. म्हणजे निदान तिथे तरी कार्ड म्हणजे शुद्ध बनवाबनवी, हे म्हणणं टिकत नाही. आपल्या जवळच्या दुकानाचे आकडे कुणी काढले नसतील, पण कार्डाकडे सरसकट संशयाने पाहणं मी तेव्हापासून सोडलं.

मात्र त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती: कार्डाचा भाव हा बाजारातला सगळ्यात कमी भाव असेलच असं नाही, दुसरीकडे चौकशी करणं फायद्याचं ठरतं. सवलत खरी असणं आणि वस्तू स्वस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकान स्वतःच्याच कालच्या भावाशी आजचा भाव ताडून दाखवतं. समोरच्या दुकानाशी ताडायचं काम आपलं.

पॉइंट्सबद्दल फार लिहीत नाही. मांस घेऊन जमलेले पॉइंट्स वर्षअखेरीस कशावर तरी खर्च होतात, त्यात वावगं काही नाही. पण त्यासाठी दुकान निवडावं इतका त्यांचा जीव नाही.

आता माझा खरा त्रास. तो आहे प्रतिकिलो दराचा.

मांसाच्या पॅकचं वजन एकसारखं नसतं. एक ट्रे 650 ग्रॅमचा, शेजारचा 900 चा, खालच्या फळीवर एक किलोचा. म्हणून शेल्फच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला प्रतिकिलो दर हाच खरा दर. बाकी सगळं सजावट. मी ज्या कार्डाच्या दुकानात जायचो, तिथे ही बारीक अक्षरं कार्ड नसलेल्यांच्या भावाची असायची. कार्डाचा भाव मोठ्या, रंगीत आकड्यांत यायचा, पण त्याचा किलोचा दर आपण काढायचा. थंड हवेचा झोत अंगावर घेत, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात फोनचा कॅल्क्युलेटर आणि मागे वाट पाहणारा माणूस.

हिशेब किती फिरतो ते पाहा. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, चलन कुठलंही धरा. लेग पीसचा 650 ग्रॅमचा ट्रे, साधा भाव 100, कार्डाने 80. शेजारी 900 ग्रॅमचा, साधा भाव 120, पण कार्डावर ‘कोणतेही दोन 210’. आणि खाली एक किलोचा पॅक, 118, सवलत काही नाही. चिठ्ठीवरचे बारीक दर अनुक्रमे 154, 133 आणि 118. कार्ड लावल्यावरचे खरे दर 123, 117 आणि 118. म्हणजे वीस टक्के सवलतीचा, सगळ्यात मोठ्या पिवळ्या चिठ्ठीचा ट्रे तिघांत महाग पडला. दोन ट्रेची योजना किलोमागे जेमतेम एकाने स्वस्त, आणि तेवढ्यासाठी पावणेदोन किलोहून जास्त माल उचलायचा. यातलं काहीही खोटं नाही. चिठ्ठीवरचा एकही आकडा चुकीचा नाही. फक्त ज्या तीन आकड्यांची तुलना करायची, त्यांतले नेमके कार्डाचे दोन तिथे छापलेले नव्हते.

यात हेतू काय ते मला माहीत नाही, आणि सगळीकडे असंच असतं असंही म्हणणार नाही. काही दुकानं कार्डाच्या भावाखाली त्याचा वेगळा प्रतिकिलो दर नीट छापतात. पण हे एकट्या माझ्या दुकानाचं रडगाणं नव्हतं. सीएमएने 2023 मध्ये एकक दरांची, म्हणजे किलो-लिटरमागच्या दरांची, पाहणी केली, तेव्हा सवलतीच्या वस्तूंवर काही दुकानं हा दर दाखवतच नाहीत, हे त्यांनाही आढळलं होतं.

बिनकार्डाच्या दुकानात हा प्रश्नच निर्माण होत नाही. चिठ्ठीवरचा बारीक आकडा हाच आपण भरणार तो दर. दोन ट्रे बघायचे, दोन आकडे बघायचे, कमी असेल तो उचलायचा. माझ्या हिशेबाने मी तिथे दर आठवड्याला कमी पैसे देतो, असं ठामपणे सांगता येणार नाही. कधी कार्डाच्या दुकानातला एखादा भाव नक्कीच खाली जातो. पण महिन्याचं बिल माझं वाढलं तरी नाही, थोडं उतरलंच असावं. आणि मांसाच्या फळीपुढचा वेळ तर निम्म्याहून कमी झाला.

दुसरी बाब वेळेची. कार्डाच्या सवलती फिरत्या असतात. या आठवड्यात लेग पीस, पुढच्या आठवड्यात खिमा, मग कधीतरी मटणाचा मोठा तुकडा. ज्याच्याकडे मोठा फ्रीझर आहे आणि जो सवलत दिसली की तीन आठवड्यांचा माल भरून ठेवू शकतो, त्याला कार्ड खरोखर फळतं. त्याच्यापुढे माझा वरचा सगळा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो, हे मान्य. उणे 18 अंशांवर गोठलेलं मांस खायला सुरक्षित राहतं, चव मात्र हळूहळू उतरते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला साधारण असा: कच्चा खिमा तीन-चार महिन्यांत संपवावा, चिकनचे तुकडे नऊ महिने आणि अख्खी कोंबडी वर्षभर चांगली राहते. म्हणजे साठा करायचाच तर अख्ख्या कोंबडीचा करावा, खिम्याचा नाही. गंमत म्हणजे ‘तीन घ्या’ छापाच्या योजना मला तरी खिमा, सॉसेज आणि मसाला लावलेल्या तुकड्यांवर जास्त दिसल्या, साध्या अख्ख्या कोंबडीवर क्वचित.

माझा फ्रीझर म्हणजे फ्रीजच्या डोक्यावरचा एक कप्पा. त्यात बर्फाचे ट्रे, मटार आणि कुणीतरी दिलेलं काहीतरी डब्यात आधीच असतं. तिथे ‘तीन घ्या’ ही सवलत राहत नाही, जागेचं भांडण होतं.

मसाला लावलेल्या पॅकवरून आठवलं. हे दोन्ही जातींच्या दुकानांना लागू आहे, पण कार्डाच्या झगमगाटात पटकन नजरेआड होतं. किलोच्या दरात तुम्ही मसाल्याचे, तेलाचे आणि पाण्याचेही पैसे भरता. काही चिकनमध्ये मिठाचं पाणी सुईने भरलेलं असतं, आणि ते बहुधा पॅकवर लिहिलेलं असतं. तव्यावर टाकल्यावर तुकडे पाण्यात पोहायला लागले, तर आपण ते पाणी मांसाच्या भावाने घेतलं होतं असं समजा. खिम्याचंही तसंच. वीस टक्के चरबीचा खिमा आणि पाच टक्क्यांचा खिमा यांचे दर एका ओळीत ठेवून काही कळत नाही. बोनलेस आणि हाडासकट यांची तुलना तर त्याहून अवघड. मी ती करायचं सोडून दिलं आहे. रस्सा करायचा असेल तर हाडासकट, नाहीतर बोनलेस, एवढंच पाहतो.

तिसरा एक मार्ग दोन्हीकडे खुला आहे आणि त्याला बहुतेक ठिकाणी कार्ड लागत नाही: तारीख संपत आलेल्या मालावरचा उतरलेल्या भावाचा स्टिकर. इथे मात्र किंमत खरोखर कोसळते. अट एकच. ‘या तारखेपर्यंत वापरा’ असं लिहिलेलं असेल तर ती तारीख उलटायच्या आत शिजवायचं किंवा गोठवायचं. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, त्यामुळे तारीख गेल्यावर फ्रीझरमध्ये टाकून काही साधत नाही. वितळवायचं तेही ओट्यावर नाही, फ्रीजमध्ये. खिम्याचा पॅक फोडल्यावर आतला भाग तपकिरी-करडा दिसला तर लगेच घाबरू नये. आत हवा पोचत नाही म्हणून तसा रंग येतो. वास आला किंवा हाताला चिकट, बुळबुळीत लागलं, तर मात्र वाद घालत बसू नये. हे स्टिकर कोणत्या वेळी लागतात ते दुकानागणिक बदलतं, काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर बहुधा सरळ सांगतो.

माहितीच्या खाजगीपणाचा मुद्दा मी दुय्यम धरतो, पण मांडायला हवा. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने 1995 मध्ये आपलं क्लबकार्ड देशभर आणलं, त्यामागे डनहम्बी ही कंपनी चालवणाऱ्या क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या जोडप्याचं आकडेवारीचं काम होतं. कोण काय घेतो, किती दिवसांनी घेतो, कोणत्या भावाला थांबतो, हे दुकानाला कळू लागलं ते अशा कार्डांमुळे. सवलत ही त्या माहितीची किंमत आहे, असं म्हटलं तरी चालेल. ज्यांना हा सौदा खटकतो त्यांनी वर्षानुवर्षं आपण किती मांस खातो याची नोंद कुणाकडे तरी होते आहे, हे लक्षात घ्यावं. मला तो फारसा खटकत नाही. खटकतं ते एवढंच की इतकं सगळं ठाऊक असूनही मला कूपन यायचं ते मी कधीच न घेतलेल्या महागड्या स्टेकचं.

तर कुणी काय करावं? घरात खाणारी माणसं पाच-सहा, वेगळा फ्रीझर, आणि चिठ्ठ्या वाचायची हौस असेल, तर कार्डाचं दुकान सोडू नका; तुमचे पैसे वाचतील, आणि वर दिलेले सीएमएचे आकडे तुमच्या बाजूने आहेत. दोघं-तिघं असाल, आठवड्याचं आठवड्याला आणत असाल, तर बिनकार्डाच्या दुकानाचा सरळ भाव पुरे आहे, कदाचित बराही. मी स्वतः रोजचं चिकन आणि खिमा तिथूनच घेतो. कार्डाचं अ‍ॅप फोनमध्ये आहे अजून. घरी पाहुणे येणार असतील आणि मटणाचा मोठा तुकडा लागणार असेल, तेव्हा त्या आठवड्याच्या सवलती उघडून पाहतो. एकच मोठी वस्तू असली की वजनांचा घोळ होत नाही, एक भागाकार केला की झालं.

आणि निर्णयाआधी एक करून पाहा. तुमच्या कार्डाच्या दुकानात मांसाच्या फळीवरची कुठलीही सवलतीची चिठ्ठी जवळून वाचा. कार्डाच्या भावाखाली त्याच भावाचा किलोचा दर छापलेला असेल, तर माझी निम्मी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही.