राजा मिरचीचं बी आणि माझे पाच तारे

ह्यांची बदली नागालँडमधल्या दिमापूरला होती तेव्हा शेजारणीने पहिल्यांदा राजा मिरची खायला घातली. खायला म्हणजे, डाळीच्या अख्ख्या पातेल्यात एकच मिरची देठासकट सोडायची आणि फुटायच्या आत उचलून घ्यायची. आसामात हिलाच भूत जोलोकिया म्हणतात. २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून हिची नोंद झाली. पण मला भुरळ पडली ती वासाची. पिकलेल्या फळासारखा वास, आणि मागून आग.

पुण्याला परतल्यावर तो वास काही डोक्यातून जाईना. मार्चमध्ये एका शॉपिंग अ‍ॅपवर बी दिसलं: पन्नास बिया, २४९ रुपये. त्याच विक्रेत्याकडे निळ्याशार मिरच्यांचंही बी होतं. जांभळट मिरची असते, माहीत आहे. पण ही शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी निळी! अशा माणसाकडून मी लाल मिरचीचं बी घेतलं, हे लिहितानाही लाज वाटते.

आलं ते साध्या झिपच्या पिशवीत, वर मिरचीचा फोटो चिकटवलेला. बियाण्याच्या पाकिटावर वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी छापलेली असते. मिरचीला ही उगवण किमान ६० टक्के लागते. माझे वडील शेतकरी. दुकानात पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय त्यांनी कधी पैसे काढले नाहीत. मी पिशवी उलटी केली, मागे काहीच नव्हतं, आणि तरी कात्री घेतली.

कोकोपीट आणि गांडूळखत भरून ट्रेमध्ये बी टाकलं. आठव्या दिवशी ट्रेभर हिरवे आकडे वर आले. मी नाचायची बाकी होते! खरं तर तिथेच दचकायला हवं होतं. ही मिरची कॅप्सिकम चायनेन्स प्रजातीतली, हिचं बी आळशी. चांगली ऊब मिळाली तरी दोन-तीन आठवडे सहज घेतं, कधी महिनाही. आपली नेहमीची मिरची मात्र आठवड्या-दीड आठवड्यात डोकं वर काढते. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त ट्रेचा फोटो काढला आणि अ‍ॅपवर पाच तारे देऊन मोकळी झाले.

पुढचे तीन महिने बारा कुंड्या सांभाळल्या. मावा आला, कडुलिंबाचं तेल फवारलं. मे महिन्यात दुपारी हिरवी जाळी बांधली. फुलं आली ती प्रत्येक पेरावर एकेक, पांढरीशुभ्र. चायनेन्सच्या एकेका पेरावर दोन-तीन किंवा जास्तही फुलं लोंबतात आणि रंगात हिरवट झाक असते. पानंही रुंद, सुरकुतलेली हवीत. माझी अरुंद, गुळगुळीत होती.

जूनअखेरीला मिरच्या धरल्या: लांब, बारीक, पोपटी. एक तोडून भाजीवाल्या मावशींना दाखवली. त्यांनी वाकवून पाहिली. "ज्वाला हाय की ही, ताई. धा रुपयाला मूठभर घिऊन जा."

ठेचा चांगला झाला, नाही असं नाही.

तक्रार करायला गेले तर परतीची मुदत सात दिवसांची! सात दिवसांत बी रुजतसुद्धा नाही, आणि मिरची कोणती हे कळायला लागतात तीन महिने. असल्या विक्रेत्यांचं सगळं गणित या फरकावर चालतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी बिल आणि पाकिटाचा फोटो मागितला. बिल होतं, पिशवी मी एप्रिलमध्येच कचऱ्यात टाकलेली. तुम्ही निदान पिशवी तरी फळ धरेपर्यंत ठेवा. आणि बी घेण्याआधी विक्रेत्याकडे त्याच्या स्वतःच्या झाडाचा फळांसकट फोटो मागा. मला एकाने मागितल्याबरोबर ब्लॉक केलं, तेवढे पैसे वाचले.

ते पान अजून अ‍ॅपवर आहे. विक्रेत्याचं नाव बदललंय, फोटो तेच, अभिप्रायही तेच. या वेळी एकूण एक वाचले. "पॅकिंग छान." "वेळेत मिळालं." "सगळं बी रुजलं." मिरचीबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही. त्यातच माझाही सापडला, ट्रेच्या फोटोसकट. तो बदलून एक तारा केला. चार दिवस झाले, 'तपासणी सुरू आहे' एवढंच दिसतं. तोवर जुनाच दिसतोय, आणि त्याखाली अकरा जणांनी 'उपयुक्त' दाबलंय.