नेत्रावळीचं आकाशदर्शन: पहिला भाग जरूर करा, दुसरा सोडून द्या

सांगे तालुक्यात नेत्रावळीला एका होमस्टेवाल्यांनी हिवाळ्यात रात्रीचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम सुरू केलाय, जेवणासकट १४०० रुपये माणशी. कार्यक्रमाचं नावच 'शरीर, चेतना, विश्व: काय टिकतं?' असं आहे, म्हणून आम्ही फोंड्याहून मुद्दाम गेलो. दोन भाग आहेत आणि दोन्हींना एकच मार्क देणं मला जमणार नाही.

पहिला भाग गावातलाच एक मुलगा घेतो, सगळे त्याला दादा म्हणतात. आठ इंची टेलिस्कोप, लाल कागद लावलेला टॉर्च, आणि मोबाइल काढलात तर सरळ आत ठेवायला सांगतो, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनने सगळं वाया जातं. बरोबरच आहे त्याचं. पणजी-मडगावात राहून आपण आकाश विसरलोय हो, इथे अभयारण्याच्या कडेला कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सुट्या सुट्या दिसतात.

मृग नक्षत्राशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. आधी काक्षी, तांबूस तारा, म्हातारा झालेला, साधारण लाखभर वर्षांच्या आत कधीतरी स्फोट होऊन संपणार. मग तिथूनच थोडं खाली तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, टेलिस्कोपमध्ये राखाडी धुरासारखा दिसतो, फोटोतला गुलाबी रंग येत नाही कारण इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, पण मधले चार बारीक तारे टाचणीने टोचल्यासारखे स्पष्ट, आणि ते अगदी तरुण आहेत, तिथे अजून नवे तारे जन्मतायत. तो उजेड तिथून निघून १३०० वर्षं झाली. संपणारा आणि सुरू होणारे एकाच नक्षत्रात, मी बराच वेळ आयपीसला डोळा लावून होते, मागे रांग होती तरी कोणी घाई केली नाही.

दादा सांगतो तेही नीट. सूर्य ४६० कोटी वर्षांचा, आणखी ५०० कोटी वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होणार, पण पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी, १०० कोटी वर्षांच्या आसपास, आटायला लागतील कारण सूर्य हळूहळू प्रखर होतोय. विश्व कायमचं आहे का यावर त्याने जयंत नारळीकरांचं नाव घेतलं तेव्हा खरंच छान वाटलं. विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही ही मांडणी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर करणारा माणूस आपल्या कोल्हापूरचा. १९६५ साली विश्वाच्या बालपणीचं प्रारण सापडलं आणि ही जुनी मांडणी, तिला 'स्थिर स्थिती' म्हणतात, मागे पडली, तरी १९९३ मध्ये त्यांनी ती सुधारून पुन्हा मांडली. बहुतेकांना ती पटली नाही, आणि १९९८ मध्ये विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावतंय हे कळल्यापासून शेवट थंड आणि काळोखा असेल असंच जास्त मानलं जातं. पण त्यांनी आपलं म्हणणं निरीक्षणांसमोर उभं केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जेवण मस्त. खतखतं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, वाढणाऱ्या काकी आग्रह करून करून वाढतात.

जेवणानंतर दुसरा भाग, त्यासाठी बाहेरून एक वक्ते येतात. त्यांचं म्हणणं असं की ऊर्जा नष्ट होत नाही, चेतना ही ऊर्जा आहे, म्हणून तुम्ही अमर आहात, आणि हे 'विज्ञानाने सिद्ध' झालंय. नाही झालेलं. मेंदू साधारण २० वॉटवर चालतो, ती ऊर्जा आपल्या जेवणातून येते आणि उष्णता होऊन बाहेर जाते, रोज, आपण जिवंत असतानाच. मग ती ऊर्जा म्हणजे 'मी' कशी? रांगोळी पुसली तर पूड तेवढीच राहते, पण मोर राहत नाही. आणि भूल दिली की ऊर्जा शरीरात असतेच, जाणीव मात्र जाते, हे ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा. आत्म्यावर श्रद्धा असणं वेगळं, माझ्या घरात ती आहे, जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला लोक रांगा लावतात त्या श्रद्धेचाही मला आदर आहे, कारण तिथे कोणी भौतिकशास्त्राचा दाखला काढून दाखवत नाही.

शेवटी १८,००० रुपयांच्या कोर्सचे फॉर्म वाटले. आमच्या बाजूला बसलेल्या बाईंचा मुलगा नुकताच गेलेला, त्या रडत रडत फॉर्म भरत होत्या. माझी आई गेली त्याला फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे ते बघवलं नाही. मी त्यांना म्हटलं, ताई, आज सही करू नका, घरी जाऊन बोला. होमस्टेवाल्यांनाही सांगितलं की हे बंद करा, त्यांनी ऐकून घेतलं, पुढे काय करतात बघू.

तर पहिल्या भागाला पाचपैकी पाच, दुसऱ्याला शून्य. बुकिंग करताना फक्त आकाशदर्शन आणि जेवण सांगा, ९०० रुपयांत होतं. अमावस्येच्या आसपासची तारीख घ्या, स्वेटर न्या, रस्त्याला दिवे नाहीत म्हणून उजेडात पोचा, म्हणजे गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी पण बघून होते.