कॉर्डलेस फोनचे सेल बदलून काही महिने वापरल्यावर

"मॅडम, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवीन सेटच घ्या." सर्व्हिस सेंटरमधून हे उत्तर ऐकून ज्यांनी आपला कॉर्डलेस कपाटात टाकून दिला असेल, त्यांनी आधी हँडसेटचं मागचं झाकण उघडून बघा. माझ्या फोनमध्ये कंपनीचं नाव छापलेले दोन सुटे सेल निघाले. नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: निकेल-मेटल हायड्राइड, ट्रिपल ए, १.२ व्होल्ट. म्हणजे इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळणारा साधा रिचार्जेबल सेल! यात "येत नाही" असं काय होतं? दोन सेलांसाठी गिऱ्हाइकाच्या गळ्यात अख्खा सेट मारायचा, याची मला अजूनही चीड येते.

फोनच्या आवाजाबद्दल, रेंजबद्दल, बटणांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती स्क्रीनवरच्या बॅटरीच्या काड्यांबद्दल. तीन काड्या पूर्ण दिसतात, आई मावशीला फोन लावते, जरा कुठे गप्पा रंगतात आणि दोनदा टूं टूं होऊन फोन बंद. बेसवर ठेवला की काही मिनिटांत परत तीन काड्या. बॅटरी संपल्याचं एक वेळ चालेल, पण भरलेली आहे असं खोटं सांगू नये.

यामागचं कारण असं. निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. फोन काड्या दाखवतो त्या व्होल्टेज बघून. त्यात सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो; चार्जिंगला लावताच व्होल्टेज वर उडी मारतो आणि फोनला वाटतं, भरला. नुसता मल्टीमीटर लावला तर दोन्ही जुने सेल सव्वा व्होल्टच दाखवत होते. टॉर्चचा छोटा बल्ब जोडून मोजलं तेव्हा एक बरा राहिला आणि दुसरा एक व्होल्टच्याही खाली घसरला. तरीही बदलायचे ते दोन्ही सेल. एकाला लागून एक जोडलेले असल्यामुळे कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसऱ्याचा करंट त्याच्यातून जबरदस्तीने वाहत राहून त्याला उलटा चार्ज करतो, त्यामुळे नव्या-जुन्याची जोडी लवकरच बिघडते.

माझ्याकडे हँडसेट दोन आहेत, म्हणून एकात जास्त एमएएचचे, म्हणजे जास्त क्षमतेचे, सेल घातले आणि दुसऱ्यात साधे. पहिले काही आठवडे जास्त एमएएचवाला हँडसेट उघडउघड सरस होता आणि तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी तेच घ्या म्हणून सांगितलं असतं. आज सांगणार नाही. आता दोन्ही हँडसेट सारखेच चालतात, उलट साधे सेल थोडे जास्तच टिकतात. घरातला फोन बहुतेक वेळ बेसवर बसलेला असतो. ती जादा क्षमता वापरलीच जात नाही आणि सेल मात्र सतत थोडा थोडा चार्ज होत राहतो. इनेलूप या रिचार्जेबल सेलच्या ब्रँडचे कंपनीने दिलेले आकडेच बघा: साधा सेल २१०० वेळा चार्ज होतो, जास्त क्षमतेचा प्रो ५०० वेळा. जादा पैसे मोजून कमी आयुष्य कशाला घ्यायचं? काड्यांचं खोटं बोलणं नव्या सेलांनी कमी झालं, पूर्ण गेलं नाही. त्यासाठी फोनच्या रेटिंगमधला एक तारा मी कापणारच.

चार्ज न होणारे अल्कलाइन सेल मात्र चुकूनही घालू नका. बेस त्यांनाही चार्ज करायला जातो, आत वायू साठतो, सेल गळतो, फुटूही शकतो. वायर आणि प्लगवाला पॅक असेल तर व्होल्टेज (दोन सेलांचा २.४, तीन सेलांचा ३.६) आणि सेलचा प्रकार जुळवाच, शिवाय लाल-काळी वायर प्लगमध्ये कुठल्या बाजूला आहे तेही बघा, कारण दिसायला सारख्या प्लगमध्ये ती उलटी असू शकते. पहिल्यांदा रात्रभर चार्ज करा. महिन्यातून एकदा हँडसेटच्या आणि बेसच्या चार्जिंग पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा.

आता जुन्या सेलांचं. नवे विकणाऱ्या दुकानदाराने जुने घ्यायला साफ नकार दिला. "टाका की कचऱ्यात," म्हणाला. मला हे अजिबात पटलं नाही. माझ्याकडच्या एका जुन्या फोनचा पॅक निकेल-कॅडमियमचा होता. अशा पॅकवर फुली मारलेल्या कचरापेटीच्या खुणेखाली 'सीडी' ही रोमन अक्षरं असतात, ती कॅडमियमची. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातशेतीत गेलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने या आजाराचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. ओल्या कचऱ्यात हा पॅक टाकायला माझा हात धजणार नाही.

सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि ते प्लास्टिकच्या डबीत ठेवले. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ड्रॉवरमध्ये पडले तर शॉर्ट होऊन चांगलेच तापतात. पॅक कापू नका, जाळू तर मुळीच नका. एका सेलच्या टोकावर पांढरी खरबरीत पुटं आली होती. तो गळालेला अल्कलीचा थर असतो, म्हणून हातमोजे घालून सेल काढला आणि हँडसेटमधली स्प्रिंग व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून कोरडी केली.

डबी शेवटी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात दिली. तिथे निकेल-कॅडमियमचे सेल वेगळे ठेवतात, आणि माझ्या जुन्या पॅकवरचं लेबल निम्मं उडालेलं. घेणाऱ्या बाईंनी झाकणावरचा मॉडेल नंबर विचारून प्रकार ठरवला. तेव्हा लेबल फाटायच्या आतच चिकटपट्टीवर पेनने प्रकार लिहून ठेवा.