घरातली माया टिपायची तर फिल्मचा रोल की डिजिटल?

आपल्याच घरातल्या माणसांचे कृष्णधवल फोटो काढायचे ठरवलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. आजीने लेकराची टाळू भरणं, आजोबांचे पाय चेपणारा नातू, असले क्षण सांगून येत नाहीत. त्यासाठी फिल्म घ्यावी की डिजिटल, हे मराठवाड्याचं ऊन-पाणी धरूनच ठरवायला हवं.

माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या) घरात भर दुपारीही आत अंधार असतो. उजेड येतो तो दारातून आणि छताला ठेवलेल्या भोकातून. हा एकाच बाजूचा उजेड कृष्णधवलला फार मानवतो, पण तो कमी असतो. नेहमीच्या कृष्णधवल फिल्म म्हणजे इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो). भरपूर उजेड आत घेणारी एफ/२ लेन्स पूर्ण उघडली तरी आत शटर १/३० सेकंदापर्यंत उघडं ठेवावं लागतं, आणि वेणी घालणारे हात तेवढ्यात हलतात. फिल्म १६०० पर्यंत पुश करता येते (म्हणजे जास्त आयएसओची समजून वापरायची आणि जास्त वेळ डेव्हलप करायची), पण फोटोतला दाणा वाढतो आणि सावलीतला तपशील जातो. डिजिटलवर ३२०० आयएसओ सहज चालतं. इथे डिजिटल सरळ पुढे आहे.

खरी अडचण फिल्म धुताना येते. डेव्हलपरचं (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) तापमान साधारण २० अंश लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. तापमान वाढलं की डेव्हलपिंगची वेळ कमी करावी लागते, आणि ती पाच मिनिटांच्या खाली गेली की रोल एकसारखा उतरण्याचा भरवसा राहत नाही. मग बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवा. पाण्याची काळजी मात्र वाटते त्याहून कमी आहे. इल्फर्डच्या पद्धतीत फिक्सरनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर) फिल्म धुण्याचा छोटा डबा पाण्याने भरून ५ वेळा उलटा-सुलटा करायचा, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. एका रोलला लिटरभर पाणी पुरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या भागात ही पद्धत माहीत असायलाच हवी. नळाखाली अर्धा तास रोल धुण्याचा सल्ला इथे कुणी पाळू नये.

म्हणजे फिल्मचा खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. आता बीडकडच्या घरांचा विचार करा. नेमक्या त्याच महिन्यांत आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. ती आजी-नातवंडांची जवळीक फिल्मवर छान येईल. पण आईबाप परततात उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि लेकरू आईला बिलगतं ते दिवस फिल्मला सगळ्यात वाईट. तुमच्या घरचं वर्ष असं असेल तर मी डिजिटलच घ्या म्हणेन. रोल साठवून थंडीत धुता येतात, पण तोवर ते गार जागी ठेवावे लागतात, आणि काय हुकलं हे सहा महिन्यांनी कळतं.

आवाजाचाही फरक पडतो. जुन्या एसएलआरचा (फोटो काढताना आतला आरसा उचलणाऱ्या कॅमेऱ्याचा) खटका निजलेल्या बाळाला उठवतो. आरसा नसलेल्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याचं शटर मुकं करता येतं, पण काही एलईडी बल्बांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रात्री शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

फिल्मची एक गोष्ट मला मनापासून आवडते: तिला पडदा नाही. डिजिटलवर प्रत्येक फोटोनंतर पोरं "दाखव ना रे" म्हणत धावत येतात आणि जो क्षण टिपायचा तोच मोडतो. त्यामुळे फोटो काढल्यावर तो पडद्यावर दिसण्याची सोय सेटिंगमधून बंदच करा. सगळ्यांना एकदम, रात्री जेवणं झाल्यावर दाखवा.

रंगांचं थोडक्यात. आजीचं लाल इरकल आणि हातातल्या हिरव्या बांगड्या फिल्मवर बऱ्याचदा एकाच राखाडीत मिसळतात. डिजिटलमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी मूळ माहिती, रंगांसकट) ठेवली तर लाल आणि हिरवा नंतर वेगवेगळा उजळता येतो. कॅमेरा मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवून रॉ अधिक जेपेग (नेहमीची तयार फोटो-फाइल) काढलंत तर काढतानाच कृष्णधवल दिसतं आणि रंगही हातचे जात नाहीत.

टिकाऊपणात फिल्म वरचढ. निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवलं तर नातवंडांनाही त्यावरून प्रिंट काढता येईल. डिजिटल घेणाऱ्याने दोन हार्ड डिस्क ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि वर्षातून एकदा निवडक फोटोंच्या प्रिंट काढून घ्याव्यात. लेन्स फिल्म किंवा फुल-फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीच्या आसपासची घ्या, लहान सेन्सरच्या डिजिटलवर त्याहून कमी मिमीची. माळवदाच्या अरुंद खोलीत ५० मिमी लावली की पाठ भिंतीला टेकते.