अर्जुननगर की निपाणी? पीयूसीनंतरच्या प्रवेशाचा हिशोब

कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागातल्या पोरांना पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, झाल्यावर साधी डिग्री करायची तर दोन विद्यापीठं दारात आहेत. गावातलं बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. गावाला लागूनच, पण महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. मध्ये हद्द कुठे लागली ते रिक्षातल्या माणसाला कळतही नाही. त्यामुळे मैत्रिणी जातील तिथेच मीही जाते, असं पोरगी म्हणते आणि आपणही मान डोलावतो.

शिकवण्यात फार डावं-उजवं करता येईल असं मला तरी वाटत नाही. अनुदानित तुकडीची फी दोन्हीकडे परवडते. बीसीए-बीबीएला दोन्हीकडे खिसा चाचपावा लागतो. मराठी माध्यमातून येऊन बी.ए. करणाऱ्याला अर्जुननगर नक्कीच सोपं, कारण पेपर मराठीत लिहिता येतो. माझ्या पुतण्याने हा फायदा पुरेपूर घेतला. आमची थोरली पीयूसीला कॉमर्स इंग्रजीतूनच शिकलेली, तिला त्याचं काही नव्हतं.

माझं घोडं अडलं ते कागदांवर. उत्पन्नाचा, जातीचा दाखला आपल्याला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या महसूल कचेरीतून, मिळतो, तो कन्नडमध्ये. पुतण्याचा दाखला घेऊन भाऊ आणि मी हद्दीपलीकडच्या एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद उलटासुलटा करून विचारलं, "ह्यात उत्पन्न कुठं लिहिलंय?" आकडा बोटाने दाखवला. मग भाषांतर करून आणा, नोटरी करून आणा. तेही आणलं, तर म्हणे दाखला महाराष्ट्राच्या तहसीलदाराचाच लागतो. तो आपण आणायचा कुठून? महाडीबीटीवर, म्हणजे महाराष्ट्राच्या पोर्टलवर, शिष्यवृत्ती मागायची तर अधिवासाचाही प्रश्न येतो. आम्ही मराठे इकडे ३बी ह्या मागासवर्गीय गटात. तो दाखला पलीकडे चालत नाही, पोरगं थेट खुल्या गटात. त्यात मायग्रेशन (जुन्या बोर्डाचा स्थलांतराचा दाखला), एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाची पात्रतेची मंजुरी). एकेक काम किरकोळच, पण प्रत्येकापायी भावाचं दुकान दिवसभर बंद, आणि स्वस्तातलं कॉलेज मग तितकं स्वस्त राहत नाही.

टीव्हीवर महाराष्ट्रात मुलींची फी माफ झाल्याचं ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. २०२४ ची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे, साध्या बी.कॉम.ला तिचा उपयोग नाही.

थोरलीला आम्ही निपाणीतच घातलं. कर्नाटकच्या शिष्यवृत्तीच्या एसएसपी पोर्टलवर दाखल्याचा आरडी नंबर टाकला की नाव-उत्पन्न आपोआप येतं, कोणाला वाचून दाखवावं लागत नाही. आमच्या अकोळ गावाहून येण्याजाण्याला २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत मुलींना सरकारी बसचं तिकीट नाही. मुलगा असेल तर एवढा मुद्दा सोडून द्या.

आबांना हे रुचलं नव्हतं. "जन्मभर महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे काढले, आणि नात चन्नम्माच्या विद्यापीठात?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण इकडची डिग्री घेतली की तिकडची नोकरी गेली, ही त्यांची दुसरी भीती खरी नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवाराला १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिथल्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. डिग्री बेळगावची म्हणून ते दार बंद होत नाही. उलट कर्नाटकातल्या नोकरीला कन्नडचा पेपर असतो, आणि तीन वर्षं इकडे काढलेल्याची त्याची धास्ती तरी कमी होते.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी टाइप-ई असा वेगळा गट आहे. तिथे मी म्हणतो ते लावू नका.

एवढं करून मुलीचं मन अर्जुननगरवरच असेल तर अडवू नये, कॉलेज चांगलंच आहे. फक्त दाखल्यांची भाषांतरं सुट्टीतच उरका आणि निकाल लागला की पहिल्यांदा मायग्रेशनच्या मागे लागा.