किकस्टार्टर की आपलं आगाऊ बुकिंग?

मिरजेत भावानं घडी होणारा तंबोरा केलाय. भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पेटी, जवारी (तारांखालच्या घोडीचा घासून केलेला उतार, ज्यानं सूर झणझणतो) मात्र हातानंच घासलेली. पहिल्या चाळीस नगांचे पैसे उभे करायचेत.

किकस्टार्टर म्हणजे नव्या कल्पनेसाठी लोकांकडून पैसे गोळा करायचं संकेतस्थळ, 2009 पासूनचं. तिथला नियम मला आवडतो: ठरवलेली रक्कम मुदतीत भरली तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापतात, नाहीतर कुणाचाच छदाम जात नाही. मुदत जास्तीत जास्त 60 दिवस. यशस्वी झालं तर 5 टक्के त्यांचे, शिवाय पेमेंटचा खर्च वेगळा. मेख अशी, की प्रकल्प सुरू करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. अमेरिकेतला मावसभाऊ भागीदार होणार असेल तरच पुढचं बोलणं.

आगाऊ बुकिंगला कुणाची परवानगी लागत नाही. यूपीआयवर निम्मी रक्कम, व्हॉट्सॲपवर पावती. कमिशनही नाही. पण चाळीसऐवजी अकराच बुकिंग आली तर? तोवर लाकूड आणलेलं असतं, आणि पैसे परत मागणारा थेट दारात येतो. गेल्या वर्षी दोन तंबोऱ्यांचे पैसे असेच फेडले, तेही हप्त्यानं.

गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचंच असेल तर मी बुकिंगच घेईन, पण पैसे वेगळ्या खात्यात. भाऊ अजून मावसभावाच्या फोनची वाट बघतोय.