लहान मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: महापालिका रुग्णालयातील सेवेचे परीक्षण

मुंबईच्या उपनगरातील एका महापालिका रुग्णालयात आम्ही आमच्या चार वर्षांच्या मुलाचे ऑटिझमसाठीचे (स्वमग्नतेसाठीचे) दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढले. तेथील तपासणी मला अतिशय समाधानकारक वाटली आणि तपासणीपर्यंत नेणारी व्यवस्था तितकीच गैरसोयीची.

आधी पात्रतेविषयी. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती यादी 21 प्रकारांपर्यंत वाढवली, तेव्हा त्याचा समावेश झाला. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मात्र बराच काळ ‘ऑटिझमची शक्यता, पुढील तपासणी आवश्यक’ एवढेच लिहिलेले होते, आणि अशा चिठ्ठीवर कोणत्याही योजनेचे काम पुढे सरकत नाही. निदान निश्चित होण्यापूर्वी प्रमाणपत्र न देणे योग्यच आहे, परंतु नेमक्या याच काळात घरखर्चाची ओढाताण होते, कारण स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (दैनंदिन कामे शिकवणारे उपचार) शंका आल्यापासूनच सुरू करायची असते. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नसले तरी पैसे लागतातच. संशयित निदान असलेल्या मुलांसाठी या मधल्या काळात मदतीची काही सोय असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन स्वतंत्र जिल्हे असल्यामुळे जिल्हा निवडतानाच अनेकांचा गोंधळ होतो, आणि ज्यांच्या आधार कार्डावर अजून गावचाच पत्ता आहे, त्यांना तर कोणीही खुशाल गावी पाठवून देते. वस्तुतः 2017 च्या नियमांनुसार राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे किंवा जेथे उपचार सुरू आहेत त्या शासकीय रुग्णालयाकडेही अर्ज करता येतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असे गृहीत न धरता उपचारांचा केसपेपर सोबत ठेवावा.

प्रतीक्षागृहाबद्दल फार चांगले लिहिता येणार नाही. टोकनचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून पुकारला जातो, आणि प्रत्येक पुकाऱ्यासरशी आमचा मुलगा कानांवर हात दाबून बाकाखाली शिरत होता. आजूबाजूची तीनचार मुले कमीअधिक प्रमाणात हेच करत होती. ज्या विभागात आवाज सहन न होणारी मुले येणार हे उघड आहे, तेथे क्रमांक फलकावर दाखवणे एवढे अवघड नसावे. शेवटी तेथील एका मावशींनी, कोणी सांगितलेले नसताना, ‘ताई, त्याला मागच्या व्हरांड्यात घेऊन बसा, नंबर आला की मी हाक मारते’ असे सांगून आमची सुटका केली.

तपासणीच्या खोलीत मात्र चित्र पालटते. येथे ‘आयसा’ ही भारतीय मुलांसाठी तयार केलेली मापनश्रेणी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण दिले जातात, आणि एकूण गुण 70 पेक्षा कमी भरले तर ऑटिझम नाही असे मानतात. मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रश्न विचारण्याची घाई केली नाही. त्या आधी जमिनीवर बसल्या, मुलाने खेळण्यातली मोटार उलटी करून तिचे चाक फिरवणे सुरू केले ते काही वेळ शांतपणे पाहिले आणि मग त्याच मोटारीवर हात ठेवून तो डोळ्यांत पाहतो का, हे तपासले. ‘हाक मारल्यावर वळून बघतो का?’ या प्रश्नावर माझी पत्नी म्हणाली, ‘बघतो, मनात असलं की.’ त्यावर त्यांनी दहा हाकांपैकी किती वेळा, असे विचारले. नातेवाइकांसमोर आपण झाकली मूठ ठेवतो ते समजण्यासारखे आहे, पण या खोलीत मुलाच्या चांगल्या दिवसांचेच वर्णन केले तर गुण कमी भरतात आणि टक्केवारी 40 च्या खाली जाऊ शकते. निर्णय मान्य नसल्यास अपिलाची तरतूद कायद्यात आहे, तथापि तो मार्ग लांबचा आहे.

आम्हाला मिळालेले प्रमाणपत्र तात्पुरते आहे; लहान मुलांच्या बाबतीत पुनर्तपासणी ठेवणे मला रास्त वाटते. ते देशभर ग्राह्य आहे. त्याच्या आधारे राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळू शकते आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. 31 मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80डीडीनुसार जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची, तर 80 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट होती. मात्र ऑटिझमसाठी तिचा दाखला वेगळ्या नमुन्यात, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा शासकीय रुग्णालयातील सिव्हिल सर्जन यांच्यासारख्या अधिकृत डॉक्टरांकडून घ्यावा लागत होता, ही गोष्ट आम्हाला रुग्णालयात कोणीही सांगितली नाही.

तपासणीला मी पाचपैकी पाच गुण देईन, बाकी व्यवस्थेला दोन, आणि त्यांतला एक मावशींचा. नूतनीकरणासाठी आम्ही याच रुग्णालयात जाणार आहोत, पण मुलासाठी कानांवर लावायचे आवाजरोधक घेऊन.